बॉबकटचं दशक

‘बॉबकट’ हा शब्द मराठीत कुठून आला, याचा विचार आपण कधी करत नाही. माझ्या लहानपणी मिरजेला आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये भिंतीवर एक चित्रांचा तक्ता टांगलेला असे. त्यात पुरुषांच्या केसांचे सात-आठ प्रकार आणि अगदी खाली, कोपऱ्यात, एका छोट्या मुलीचं चित्र. त्याखाली लिहिलेलं होतं, बॉबकट. शाळेत उवांची साथ आली की मुलींचा बॉबकट व्हायचा. मुलगी सहावी-सातवीत गेली की तो बंद आणि दोन वेण्या सुरू. म्हणजे बॉबकट ही लहान मुलींची गोष्ट. थोरल्या मुलीनं केला तर ती फ्याशन. आणि ‘फ्याशन’ हा शब्द आमच्या घरी ज्या सुरात उच्चारला जाई, त्या सुरात फक्त चोरी आणि जुगार हे दोनच शब्द उच्चारले जात.

ज्या मुलींनी हा बॉबकट जगभर नेला, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. काळ १९२० ते १९२९. देश अमेरिका. त्या दशकाला जॅझ युग म्हणतात आणि त्या मुलींना फ्लॅपर. कविता लिहिणाऱ्या माणसाला या विषयात काय रस, असं मला एका मित्रानं विचारलं. रस आहे, आणि त्याचं कारण थोडं घरगुती आहे. ते पुढे सांगतो.

आधी शब्द. फ्लॅपर या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ आहे पंख फडफडवणारं, पण अजून धड उडता न येणारं बदकाचं पिल्लू. महायुद्धाच्या आधीच इंग्लंडमध्ये वयात येणाऱ्या अल्लड मुलीला हा शब्द लागला होता. पावसाळी बुटांची बक्कलं उघडी टाकून त्या फटफट आवाज करत चालायच्या, म्हणून त्या फ्लॅपर, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. शब्द त्या बुटांपेक्षा जुना आहे, त्यामुळे ती खरी नाही. पण कुणीतरी मोठ्या प्रेमानं रचलेली आहे.

१९२० हे एकच वर्ष पाहा. जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ऑगस्टमध्ये राज्यघटनेत एकोणिसावी दुरुस्ती होऊन स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना मात्र तो वापरू द्यायचा नाही, याची सोय तिथल्या राज्यांनी करून ठेवलेलीच होती. २ नोव्हेंबरच्या रात्री पिट्सबर्ग शहरातल्या केडीकेए या रेडिओ केंद्रानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल थेट ऐकवले. त्याच वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदाच खेड्यांपेक्षा शहरांत राहणारी माणसं जास्त भरली. मत, शहर, रेडिओ आणि चोरून प्यायची दारू, हे सगळं एका वर्षात एका पिढीच्या पदरात पडलं. या पिढीतली मुलं नुकतीच युद्धाहून परतली होती. काही परतलीच नव्हती.

आणि मुली नोकरीला लागल्या होत्या. टाइपरायटर, टेलिफोन एक्स्चेंज आणि मोठ्या दुकानांतले विक्रीचे कट्टे, या तीन जागांनी गावाकडच्या हजारो मुलींना शहरात आणलं. पगार पुरुषांपेक्षा कमी असे, पण तो स्वतःच्या हातात येई. भाड्याची खोली असे. पूर्वी लग्नाळू मुलगा मुलीच्या घरी यायचा, दिवाणखान्यात बसायचा आणि आई शेजारच्या खोलीत विणत बसलेली असायची. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमाचा हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. आता दिवाणखानाच उरला नाही. मग सिनेमाघर, नाचघर आणि मोटार. फोर्ड कंपनीची साधी गाडी दशकाच्या मध्यावर तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली होती. आईची खुर्ची त्या मोटारीत मावत नव्हती.

पोशाखाबद्दल बोलताना लोक नेहमी झगा किती आखूड झाला एवढंच सांगतात. तो गुडघ्यापर्यंत आला तेव्हा दशक निम्मं उलटलं होतं. माझ्या मते खरी गोष्ट आत घडली. कॉर्सेट गेला. कमरेभोवती करकचून आवळायचा, धड वाकू न देणारा तो पट्टा बायकांनी सोडून दिला आणि त्याच्या जागी सरळ, सैल, कंबर पार खाली उतरवलेला झगा आला. या झग्याची शिलाई सोपी होती. कागदी नमुना आणून घरच्या मशीनवर दोन-चार संध्याकाळी मुली तो शिवू शकत. लांबून पाहिलं तर कारखानदाराची लेक कोण आणि टाइपिस्ट कोण, हे कळू नये असा तो पोशाख होता. समाजातल्या वडीलधाऱ्यांना पायांपेक्षा याचाच राग जास्त आला असावा, असं मला वाटतं.

आता केस. आयरीन कॅसल नावाच्या प्रसिद्ध नर्तकीनं महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात आपले केस आखूड केले, आणि मग हळूहळू ती लाट झाली. बायकांच्या केशभूषाकारांना लांब केस रचता येत, कापता येत नसत. म्हणून मुली सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे जाऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. दाढीचा साबण, सिगारचा धूर आणि वर्तमानपत्र वाचत बसलेले पुरुष, त्यात ही मुलगी. गंमत म्हणजे याचा फटका थेट चीनला बसला. अमेरिकन बायका अंबाड्यावर घालत त्या केसांच्या जाळ्या शांतुंग प्रांतातल्या बायका-मुली हातानं विणत. अंबाडाच राहिला नाही, तर जाळी कशाला? न्यूयॉर्कमधल्या मुलीनं मान मोकळी केली आणि तिकडे एका चिनी मुलीची मजुरी बुडाली. फॅशन ही किती लांबवर हात पोचणारी गोष्ट आहे, ते असं कुठेतरी दिसतं.

या केसांवर एक कथा आहे. स्कॉट फिट्झजेराल्डची. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात ती मे १९२० मध्ये आली आणि त्याच वर्षी ‘फ्लॅपर्स अँड फिलॉसफर्स’ या संग्रहात गेली. बी.ए.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात हा संग्रह माझ्या हाती लागला. कथेचं नाव साधं आहे : बर्निसनं केस कापले. बर्निस ही गावाकडची, पैशानं बरी पण बुजरी मुलगी. मावसबहीण म्हणता येईल अशा मार्जोरीकडे ती शहरात राहायला येते. नाचाच्या कार्यक्रमात तिच्याबरोबर कुणी पोरगा फार वेळ नाचत नाही. मार्जोरी तिला शिकवते : कसं बोलायचं, कसं हसायचं आणि काहीतरी धक्कादायक म्हणायचं. बर्निस सांगत सुटते की मी केस बॉब करणार आहे, तुम्ही सगळे बघायला या. पोरं भोवती जमतात. इतकी, की मार्जोरीचा स्वतःचा एक चाहताही इकडे वळतो. मग मार्जोरी सर्वांसमक्ष तिला डिवचते, तू नुसतीच बोलतेस. बर्निस न्हाव्याच्या खुर्चीत बसते. केस जातात आणि त्याबरोबर तिचं रूपही. पोरं पांगतात. त्या रात्री बर्निस सामान आवरते, झोपलेल्या मार्जोरीच्या दोन्ही वेण्या कात्रीनं कापते, त्या चाहत्याच्या घराच्या ओट्यावर भिरकावते आणि बॅग घेऊन स्टेशनच्या वाटेला लागते.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खूप हसलो. दुसऱ्यांदा वाचली ती वीस वर्षांनी, आणि तेव्हा हसू आलं नाही. कारण मधल्या काळात मला या कथेचं मूळ कळलं होतं. फिट्झजेराल्डला ॲनाबेल नावाची धाकटी बहीण होती. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना, कॉलेजात शिकणाऱ्या या भावानं तिला एक लांबलचक पत्र लिहिलं. कसं बोलावं, कसं उभं राहावं, कपडे कोणते शोभतील, मुलांना काय आवडतं, याच्या सूचना मुद्देसूद लिहून काढल्या. पुढे तेच पत्र मार्जोरीच्या तोंडी गेलं आणि कथा झाली. म्हणजे फ्लॅपरचं जे पहिलं मोठं चित्र अमेरिकेनं वाचलं, त्याच्या मुळाशी भावानं बहिणीला केलेला उपदेश होता.

फिट्झजेराल्डची बायको झेल्डा. अलाबामातल्या न्यायाधीशांची लेक, १९०० साली जन्मलेली, १९२० मध्ये त्याच्याशी लग्न करून न्यूयॉर्कला आलेली. लोक तिलाच पहिली फ्लॅपर म्हणत. नवऱ्याच्या कादंबरीचं परीक्षण तिनं १९२२ मध्ये लिहिलं, त्यात आपल्या हरवलेल्या रोजनिशीचा एक तुकडा आपल्याला इथं भेटला, असं तिनं हसत हसत सांगून टाकलं. त्याच वर्षी तिनं फ्लॅपरचा मृत्युलेखही लिहिला. तक्रार अशी, की आता ही तऱ्हा मुलींच्या शाळांत, दुकानांत काम करणाऱ्या पोरींत आणि लहान लहान गावांत पोचली. तिच्यातली मजा गेली. झेल्डा हुशार होती, पण इथं मी तिच्याशी सहमत नाही. श्रीमंत घरातली मुलगी नियम मोडते तेव्हा त्याला लहर म्हणतात. दुकानातली पोरगी तोच नियम मोडते तेव्हा तिची नोकरी पणाला लागलेली असते. माझ्या लेखी गोष्ट तिथून सुरू होते.

आणि त्या सगळ्याला जे संगीत होतं, ते या मुलींचं नव्हतं. जॅझ वाढलं ते न्यू ऑर्लिन्समध्ये, काळ्या वस्त्यांमध्ये. दक्षिणेतला जुलूम आणि दारिद्र्य सोडून लाखो काळी माणसं त्या काळात उत्तरेकडे शिकागो, न्यूयॉर्ककडे चालली होती. संगीत त्यांच्याबरोबर गेलं. १९१७ मध्ये जॅझची पहिली तबकडी निघाली ती मात्र गोऱ्या वादकांची. काळ्या गायिकेच्या आवाजातली ब्लूजची पहिली तबकडी १९२० मध्ये आली, मेमी स्मिथची. ती इतकी खपली, की काळी माणसंही तबकड्या विकत घेतात, हा शोध कंपन्यांना लागला. १९२२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग शिकागोला किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात दाखल झाला. तिथं पियानोवर एक मुलगी होती, लिल हार्डिन. दोघांनी १९२४ मध्ये लग्न केलं. ऑलिव्हरला सोड, स्वतःच्या नावावर उभा राहा, असा धोशा तिनं लावला नसता तर आर्मस्ट्राँग किती काळ दुसरा कॉर्नेट वाजवत बसला असता कोण जाणे. फ्लॅपरवरच्या पुस्तकांत लिल हार्डिनचं नाव सहसा नसतं. ती स्वतः कमावत होती, रात्री वाजवत होती, नवऱ्याला पुढे ढकलत होती. आणखी काय करायला हवं होतं?

चार्ल्सटन या नाचाचं असंच. नाव दक्षिणेतल्या बंदराचं, पावलं काळ्या लोकांची. १९२३ मध्ये ब्रॉडवेवर ‘रनिन वाइल्ड’ हा काळ्या कलावंतांचा खेळ आला. जेम्स पी. जॉन्सन या पियानोवादकाच्या चालीवर त्यात हा नाच होता, आणि वर्षभरात सगळी अमेरिका गुडघे आत-बाहेर करत सुटली. हा नाच कॉर्सेटमध्ये करता येत नाही आणि घोट्यापर्यंतच्या झग्यातही करता येत नाही. म्हणजे पोशाखानं नाच शक्य केला की नाचानं पोशाख, हे सांगणं अवघड आहे. हार्लेममधल्या कॉटन क्लबात १९२७ च्या डिसेंबरपासून ड्यूक एलिंग्टन वाजवू लागला. मंचावर सगळे काळे. खुर्च्यांवर फक्त गोरे. आणि मंचावर नाचणाऱ्या काळ्या मुलीसुद्धा उजळ रंगाच्याच हव्यात, असा दंडक होता. गोरी फ्लॅपर तिथं जाऊन मध्यरात्रीपर्यंत मोकळा श्वास घेई. ज्यांच्या सुरांवर ती तो घेई, त्यांना तिच्या शेजारी बसता येत नसे. या गोष्टीचा तिला फारसा त्रास झाल्याचं दिसत नाही.

सिनेमानं या मुलीला जगभर नेलं. कॉलीन मूर १९२३ च्या ‘फ्लेमिंग यूथ’मधून पुढे आली. लुईस ब्रूक्सचा काळाभोर, कपाळावर सरळ कापलेला बॉब आजही जाहिरातींत दिसतो. पण मला आवडते ती क्लारा बो. ब्रुकलिनच्या चाळीवजा वस्तीत, भयंकर गरिबीत वाढलेली. आईला मनाचा आजार. सिनेमात जाते म्हणून एकदा तिनं मुलीच्या गळ्याशी सुरी धरली होती. १९२१ मध्ये मासिकाची एक स्पर्धा जिंकून क्लारा पडद्यावर आली आणि १९२७ च्या ‘इट’ नावाच्या चित्रपटात तिनं दुकानातल्या विक्रेत्या मुलीचं काम केलं. दुकानातल्या मुली तो पाहायला गेल्या. पडद्यावरची त्यांच्यासारखीच वागते, हे त्यांना दिसलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या तिच्यासारखं वागू लागल्या. १९३३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्लारानं सिनेमा सोडला.

बाजाराची नजर या मुलींवर पहिल्यापासून होती. लिपस्टिक, पावडरची डबी, रेशमी आणि मग नकली रेशमाचे मोजे. पण सगळ्यात हुशार चाल झाली १९२९ मध्ये. बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं अजून लज्जास्पद समजलं जाई. तंबाखू कंपनीला अर्धं गिऱ्हाईक हातचं जाताना दिसत होतं. तिनं एडवर्ड बर्नेझ या जाहिरातीतल्या तज्ज्ञाला गाठलं. तो सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. त्यानं एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. मग ईस्टरच्या दिवशी, ३१ मार्चला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही सुस्वरूप तरुणींनी ठरल्याप्रमाणे सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांना आधीच कळवलेलं होतं. त्या सिगारेटींना नाव दिलं होतं ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या बायका त्या शहरात अजून जिवंत होत्या, आणि त्यांचा शब्द पाकिटावर चिकटवून विकला जात होता.

एवढ्यावरून काही जण म्हणतात, की बघा, फ्लॅपर म्हणजे निव्वळ बाजारानं उठवलेलं सोंग. मी असं म्हणणार नाही. बाजार ज्या गोष्टीची नक्कल विकतो, ती गोष्ट मुळात कुणालातरी हवी असते. पण हवी असलेली गोष्ट आणि तिची किंमत एकाच मुलीच्या वाट्याला येते असं नाही. हे सांगायला मला न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी जायला हवं.

तिथं १९१७ पासून एक कारखाना होता. घड्याळांच्या तबकड्यांवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यावर रेडियम मिसळलेला रंग द्यायचा. काम बारीक, त्यामुळे हात हवेत नाजूक, म्हणून मुली. कुणी चौदा-पंधरा वर्षांची, बहुतेक विशीतल्या. तबकडीमागे पैसे मिळत आणि कारखान्यातल्या इतर कामांच्या मानानं ते चांगले होते. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. असं दिवसभर. अपाय नाही ना, असं मुलींनी विचारलं होतं. नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. प्रयोगशाळेतले पुरुष मात्र तेच रेडियम चिमट्यानं उचलत आणि शिशाच्या पडद्याआडून हाताळत.

संध्याकाळी या मुली घरी जात तेव्हा अंगावर, केसांत उडालेली भुकटी अंधारात चमके. आणि इथं फ्लॅपर येते. या मुली विसाव्या शतकातल्या होत्या. त्यांनाही नाचघरात जायचं होतं. काही जणी नाचाचा झगा घालूनच कामावर येत, म्हणजे रात्री तो चमकेल. गंमत म्हणून नखांना, क्वचित दातांनाही तो रंग लावत. मित्र चकित व्हायचे. चांदणं ल्यालेली मुलगी असं आम्ही कवी लोक लिहितो. ही खरोखरची होती.

काही वर्षांनी त्यांचे दात हलू लागले. दात काढले तर जखम भरेना. जबड्याचं हाड कुजून तुकडे बाहेर येऊ लागले. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत जाऊन बसतं आणि तिथून आयुष्यभर मारा करत राहतं. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. पहिल्या काही जणी गेल्या तेव्हा एकीच्या मृत्यूच्या दाखल्यावर गरमीचा रोग लिहिला गेला. आखूड झगा घालणाऱ्या कामगार मुलीबद्दल ते कुणालाही चटकन पटण्यासारखं होतं. ग्रेस फ्रायर नावाच्या एका मुलीनं खटला भरायचं ठरवलं. वकील मिळायला तिला दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये तिनं आणि तिच्या चार सहकाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. शपथ घेण्यासाठी त्यांच्यातल्या काहींना हातही वर करता येत नव्हता. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली. १९२८ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस १९३३ मध्ये गेली. कामगारांच्या सुरक्षेचे कायदे पुढे कडक झाले, त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतर झगे लांब झाले, कंबर पुन्हा जागेवर आली, केस थोडे वाढले. दशक संपलं. पण कॉर्सेट काही त्या रूपात परतला नाही, आणि टाइपरायटरसमोरून मुली उठल्या नाहीत.

आपल्याकडे ही हवा आली का? आली, थोडी तिरपी होऊन. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स नावाची ज्यू मुलगी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. ती मूकपटांत आली आणि सुलोचना झाली. १९२६ मध्ये तिनं ‘टायपिस्ट गर्ल’ केला आणि १९२७ मध्ये ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’, ज्यात तिच्या आठ भूमिका होत्या. त्यात ती पोलीसही झाली आणि हैदराबादी गृहस्थही. टेलिफोन आणि टाइपरायटर : अमेरिकेतल्या मुलींना घराबाहेर काढणारी हीच दोन यंत्रं. १९७३ सालचं दादासाहेब फाळके पारितोषिक तिला मिळालं. जॅझ मात्र मुंबईत जरा उशिरा रुळलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोव्याचे वादक ते संगीत ऐकत, वाजवत तयार झाले. त्यांच्यातले चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचे सहायक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’च्या गाण्यांवर ज्यांनी ताल धरला असेल, त्यांनी न्यू ऑर्लिन्सला नकळत सलाम केलेला आहे.

आता घरगुती कारण. मला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. १९८६ मध्ये ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मी सोळा वर्षांचा. तिची वेणी कमरेच्या खाली जायची; दर जुम्माला अम्मी तेल लावून ती घालायची. अम्मी महिनाभर माहेरी गेलेली असताना आपानं एका मैत्रिणीच्या घरी ती वेणी कापली. खांद्याच्या वर, अगदी बॉबकट. घरात ती ओढणी डोक्यावरून काढत नसे, त्यामुळे नऊ दिवस कुणाला कळलं नाही. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि रात्री जेवताना मी अब्बांना सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं. माझे मित्र गल्लीत अशा मुलींवर काय बोलतात ते मला ठाऊक होतं, आणि आपल्या बहिणीवर कुणी बोलू नये, असं मी मनाशी म्हणत होतो. अब्बा ओरडले नाहीत. ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी आपा कॉलेजला गेली नाही; त्या वर्षी पुन्हा गेलीच नाही. पुढे दोन वर्षांनी तिनं बाहेरून परीक्षा दिली आणि पदवी घेतली, ती तिच्या जिद्दीवर.

बर्निसची कथा मी हसत वाचली ती यानंतर चार वर्षांनी. आपा तेव्हा सासरी होती.

हे भाषण लिहून झालं तेव्हा माइकसमोर जाण्याआधी मी ते तिला वाचून दाखवलं. ती आता साठीला आली आहे. रेडियमच्या मुलींपाशी तिनं मला थांबवलं आणि पैसे वेळेवर मिळाले का, असं विचारलं. मग मी एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, की तेव्हा केस का कापले होतेस? सिनेमा बघून? कुणी सांगितलं म्हणून? ती म्हणाली, ‘‘उन्हाळा था रे. गर्दन हलकी लगी, बस.’’

मी पुढे वाचायला लागलो. फिट्झजेराल्डच्या पत्राचं पान मी वगळून पुढे गेलो होतो, ते तिच्या ध्यानात आलं. ते वाच म्हणाली. वाचलं. ऐकून ती बराच वेळ हसत होती. ‘‘मग त्या ॲनाबेलनं काय उत्तर पाठवलं भावाला?’’ तिनं विचारलं, आणि चहा टाकायला आत गेली.